लुरीनची एकनळी

पॉपॉ खोऱ्यात लुरीन हॅटमेकरला सगळे ओळखत ते दोन गोष्टींसाठी: तिच्या भट्टीतली मऊ बिस्किटं आणि तिचा हट्ट. बिस्किटांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. हट्टाबद्दल मात्र तिच्या नवऱ्याने, डॉर्सीने, चाळीस वर्षं तक्रार केली आणि चाळीस वर्षं तिचंच ऐकलं. तो गेल्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून खोऱ्याच्या टोकाच्या त्या घरात ती, सात कोंबड्या आणि पोटमाळ्यावरचा एक साप असे राहत होते. सापाचा तिला त्रास नव्हता, तो उंदीर खायचा.

जुलैत डोंगरापलीकडच्या खोऱ्यात कुणीतरी एका बंद घराचं कुलूप फोडून टीव्ही आणि तांब्याच्या तारा नेल्या. ही बातमी नॉक्सव्हिल शहरात राहणाऱ्या लुरीनच्या लेकीच्या, रेनीटाच्या, कानावर खोऱ्यात सगळीकडे पसरायच्या आधी पोचली. तिने फोन केला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मी येते, म्हणाली. तोवर एक तर माझ्याकडे राहायला यायचं सामान बांधून ठेव, नाही तर तुला झेपेल अशी बंदूक घे आणि ती मला चालवून दाखव. दोन्हीपैकी काहीच नसेल तर मी तुला उचलून गाडीत घालणार.

"आणि घरात माणूस शिरला तर त्याच्यावर चालवशील का, आई?" तिने शेवटी विचारलं.

 चुलीवर काहीतरी करपतंय असं सांगून लुरीनने फोन ठेवला. चूल थंड होती.

ऑगस्टचा चौथा शनिवार म्हणजे खारींच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. रेनीटाने तो दिवस मुद्दाम निवडला नसावा, पण या डोंगरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी चटकन तोच येतो. दिवाळी-दसरा कसा न मोजता आठवतो, तसा.

डॉर्सीची बारा बोअरची बंदूक दारावरच्या दोन खुंट्यांवर आडवी होती. पंपाची, म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढून काडतूस भरायची, लांब, जड. लुरीनने ती काढली, पुसली, कोठाराच्या मागे नेली आणि कुंपणावरच्या डब्यावर रोखून चाप ओढला. डबा होता तिथेच राहिला, लुरीन मात्र जमिनीवर बसली. खांदा आठवडाभर जांभळा होता आणि कोंबड्यांनी चार दिवस अंडी घातली नाहीत. बंदूक पुन्हा खुंट्यांवर गेली. त्या संध्याकाळी ती ओसरीवर बसून राहिली. समोरच्या उतारावर काजवे चमकत होते, ओढ्याचा आवाज येत होता, आणि हे सगळं सोडून एखाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आपण काय बघत बसणार, हे तिला डोळे मिटूनही दिसेना. तिला रडू आलं. मग तिने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी ऑटिस ले याच्या दुकानात गेली.

ऑटिसच्या दुकानात पुढे खिळे, बी-बियाणं, कोंबड्यांचं खाद्य आणि मागच्या भिंतीला बंदुका. मधे एक बाक, आणि बाकावर सकाळपासून कॉफी पीत बसलेले तीन-चार जण, ज्यांना दुकानातून काहीच घ्यायचं नसतं. लुरीनने काय हवंय ते सांगताच बाकाला कंठ फुटला. एकाने सात गोळ्यांची काळी बंदूक सुचवली. दुसरा म्हणाला, पंपाचीच घ्या, पंप मागे ओढल्याचा तो खटका ऐकूनच चोर पँट सोडून पळतो. तिसऱ्याचं म्हणणं, बारा बोअरपेक्षा लहान घेऊन उपयोग नाही. लुरीनला कळून चुकलं की प्रत्येक जण तिच्यासाठी तीच बंदूक निवडतोय जी त्याला स्वतःला हवी आहे आणि जी त्याची बायको घेऊ देत नाही.

"चोराला आवाजाने पळवायचं तर कुत्रा पाळा," ऑटिस बाकाकडे न बघता म्हणाला. "काकू, इकडे या."

ऑटिस साठीचा, बुटका, बोलण्यात हळू. त्याने तिला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, पंजे एकमेकांवर ठेवून मधे बारीक झरोका करायला लावला आणि त्यातून त्याच्या नाकाकडे बघायला सांगितलं. मग म्हणाला, आता एकेक डोळा मिटा. उजवा मिटला तर ऑटिसचं नाक जागेवर. डावा मिटला तर नाक गायब आणि तिथे खताची पिशवी.

"डावा डोळा तुमचा कारभारी आहे," तो म्हणाला. "बंदूक डाव्या खांद्याला लावायला हवी. तुम्हाला नेम धरायला कुणी शिकवलं? उजव्या खांद्यावर?"

वडिलांनीच शिकवलं होतं. अकराव्या वर्षी. तिचा एकही नेम कधी लागला नाही. इकडे हरणावरचा नेम चुकला की त्या शिकाऱ्याच्या सदऱ्याचा मागचा लोंबता शेपटा कापून भिंतीला ठोकतात. तिचे तीन वर्षांत तीन शेपटे कोठारात लागले आणि भाऊ त्यांना लुरीनची निशाणं म्हणायचे. चौथ्या वर्षी ती गेलीच नाही. मग लग्न झालं, डॉर्सी शिकारीला जायचा आणि ती रस्सा करायची. छपन्न वर्षं आपल्याला जमत नाही असं ती धरून चालली होती आणि चूक फक्त खांद्याची होती. तिला वडिलांचा राग आला, मग कीव आली. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

ऑटिसने भिंतीवरून काढली ती बंदूक बघून बाक हसला. वीस बोअरची एकनळी, बारापेक्षा बारीक नळीची. मधे बिजागरीवर मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची, अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप. बस. या खोऱ्यात अशी बंदूक दहा वर्षांच्या पोराला नाताळात देतात. हिच्यावर बऱ्याच पोरांचे हात फिरले होते, दस्त्यावर कुणीतरी चाकूने अर्धवट कोरलेलं नाव होतं.

"डावखुऱ्याला, उजव्याला, सगळ्यांना सारखी," ऑटिस म्हणाला. "पंपाची डाव्या खांद्यावर धरली तर रिकामी काडतुसं नाकासमोरून उडतात. घरातल्या घरात वीस बोअर पुष्कळ झालं, आणि बारीक छर्रे घाला, म्हणजे पलीकडच्या भिंतीतून जाणार नाहीत. खारीलाही तेच."

"पण एकच गोळी," बाकावरून आवाज आला.

"हो, एकच. आणि तीसुद्धा घोडा ओढल्याशिवाय सुटत नाही. हा घोडा जरा कडक आहे, काकू. मी तो सैल करून देणार नाही. तेवढ्या वेळात समोर कोण आहे ते बघून घ्यायचं."

त्याने दस्ता तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवला, बोट चापापर्यंत पोचतं का पाहिलं, पेन्सिलीने खूण केली आणि करवतीने बोटभर लाकूड कापून टाकलं. रबराची गादी बसवली. कागद भरले, फोन करून सरकारी परवानगी घेतली. लुरीनने बंदूक खांद्याला लावली, डाव्या, आणि नळीच्या टोकावरचा पितळी मणी आपणहून डोळ्यासमोर आला. कोणी तिचं असं माप कधी घेतलं नव्हतं. लग्नाचा झगासुद्धा बहिणीचा होता.

त्यानंतरचे पंधरा दिवस ती रोज संध्याकाळी कोठारामागे कागदी थाळ्या टांगून बसायची. पहिल्या दिवशी थाळीच्या कडेला पाच भोकं पडली. ती जवळ जाऊन प्रत्येकात बोट घालून आली. आठव्या दिवशी थाळीचा मधला भाग गळून पडला. धक्का होता, पण मैत्रिणीने बोलता बोलता खांद्यावर थाप मारावी एवढाच. उलट्या बादलीवर डॉर्सी बसला आहे असं धरून ती त्याला सांगायची, बघ, डाव्या खांद्याची गोष्ट होती. बादली रिकामी आहे हे तिला माहीत होतं. तरी बोलायला बरं वाटायचं, आणि कोंबड्यांनाही आता सवय झाली होती.

शनिवारी ती पहाटे उठली. रेनीटा दुपारपर्यंत येणार होती. थाळ्या दाखवून काय होणार, लुरीनच्या मनात वेगळं होतं. टेबलावर खारीचं मटण, पांढरा रस्सा आणि बिस्किटं ठेवायची, आणि एक शब्द बोलायचा नाही.

धुकं एवढं होतं की ओसरीच्या पायऱ्यांनंतर जग संपलं होतं. ती पायांच्या सवयीने चढत गेली. डोंगराच्या धारेखाली हिकरीची, अक्रोडासारख्या फळांची, मोठी झाडं आहेत, डॉर्सीची शिकारीला बसायची जागा. एका बुंध्याला पाठ टेकून ती बसली, काडतूस घातलं, घोडा खालीच ठेवला. वर कुठेतरी खारी कामाला लागल्या होत्या. दिसत काही नव्हतं. फक्त हिकरीच्या फळांची कुरतडलेली सालं खाली पडत होती, टप, टप, पानांवर, तिच्या टोपीवर. दूरदूरच्या धारांवर पहिले बार वाजले. धुक्यात ते कुणीतरी शेजारच्या खोलीत कपाट लावावं तसे वाटत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. तिचा डोळा लागला असावा, किंवा नसावा. त्या अवस्थेत तिला आई दिसली, कोठार दिसलं, लहानगी रेनीटा बापाच्या मागे त्याच्याच पावलांत पाय टाकत जाताना दिसली. मग खालच्या झुडपात काहीतरी हललं.

मोठं होतं. तपकिरी. थांबत थांबत येत होतं. लुरीनने बंदूक खांद्याला लावली आणि अंगठा घोड्यावर ठेवला. अस्वल असेल. पलीकडच्या खोऱ्यातला तो कुलूप फोडणारा असेल. अंगठ्याने जोर लावला, घोडा अर्धा आला, कडक होता. धुकं जरा फाटलं आणि तिला जाकीट दिसलं. कॅनव्हासचं, पाठीवर शिकारीचा खिसा, डाव्या कोपराला तिने स्वतः लावलेलं निळं ठिगळ.

डॉर्सी येत होता.

तिला भीती वाटली नाही. इतका आनंद झाला की श्वास घ्यायचं राहून गेलं. एवढे दिवस कुठे होतास, हे शब्द तिच्या ओठांवर होते. तेवढ्यात त्या माणसाने तोंडाशी हात धरून हाक दिली, "सूऽऽक, सूक, सूक."

गाईंना बोलावायची हाक. डॉर्सीने जन्मात गाय पाळली नव्हती. हा खालच्या घरातला हॉबर्ट रायडनूर होता, एक्याऐंशी वर्षांचा. डॉर्सी गेल्यावर लुरीनने त्याचे कपडे खोऱ्यात वाटून टाकले होते, तशी पद्धतच आहे, आणि जाकीट हॉबर्टला गेलं होतं. तिने घोडा हलकेच खाली सोडला, बंदूक मोडली, काडतूस काढून खिशात टाकलं.  

"हॉबर्टभाऊ, इथे कुठे?"

"गाई वर चढल्यात गं," तो म्हणाला. "धार काढायची वेळ झाली."

गाई वीस वर्षांपूर्वी विकल्या होत्या. त्याच्या एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता चिखलाचा मोजा. हात काट्यांनी ओरबाडलेले, घोटा सुजून टम्म. रात्री कधीतरी निघाला असणार. तिच्याजवळ पोचताच तो खाली बसला आणि पुन्हा उठेना. ओठ कोरडे पडले होते. फोनला या धारेवर कधीच रेंज नसते.

इकडे मदत हवी असेल तर तीन बार काढतात, सारख्या अंतराने, आकाशात. लहान पोरालाही ठाऊक असतं. लुरीनने खिशातलं काडतूस पुन्हा भरून बार काढला, बंदूक मोडली, रिकामी पुंगळी काढली, नवं काडतूस घातलं, मनात साठ मोजले, दुसरा काढला. मग तिसरा. धुक्याने तिन्ही आवाज पोटात घेतले आणि पुन्हा सालं पडायला लागली, टप, टप.

खाली ऑटिसच्या दुकानात ते तिन्ही ऐकू आले. एकूण एक जणांना. पण तो खारींचा पहिला दिवस होता. बाक म्हणाला, काकूंच्या धारेवरून आले, काकूंनी तीन सोडल्या, एखादी तरी लागली असेल. ऑटिसने कॉफीचा कप खाली ठेवला आणि अभिमानाने सांगितलं, मधलं अंतर ऐकलंत, दर वेळी नव्याने भरावी लागते, माझीच बंदूक ती. इतर कुठल्याही दिवशी त्याच तीन बारांनी सगळं खोरं धावत सुटलं असतं. ऑटिसला ही गोष्ट पुढे कित्येक महिने सतावत राहिली.

लुरीनने अर्धा तास वाट पाहिली. मग तिच्याही लक्षात आलं की आज दिवस कोणता आहे, आणि तिला स्वतःचंच हसू आलं. कुणी येणार नव्हतं. दोन्ही हात मोकळे हवे होते. तिने बंदूक रिकामी आहे ना ते पुन्हा पाहिलं, हिकरीच्या बुंध्याला टेकवली आणि हॉबर्टच्या काखेत खांदा घातला. शिकारी बंदूक जंगलात सोडत नाही. पण ती शिकारी होऊन तसे पंधराच दिवस झाले होते.

ते उतरू लागले. दहा पावलं आणि थांबा. दहा पावलं आणि थांबा. तिच्या नाकाशी ते जाकीट होतं, त्याला अजून डॉर्सीच्या तंबाखूचा वास होता. हॉबर्ट तिला मधेच व्हर्जी म्हणायचा, ती त्याची बायको, वारून बारा वर्षं झाली. लुरीन ओ द्यायची. कोण कुणाला घेऊन चाललंय आणि कुठल्या वर्षातून, हे त्या धुक्यात फारसं महत्त्वाचं राहिलं नव्हतं.

"डॉर्सी कुठे दिसत नाही," हॉबर्ट म्हणाला.

"पुढे गेलाय."

"नेहमीचंच त्याचं."

ओढ्याच्या वळणावर खालून कुणीतरी धापा टाकत येताना ऐकू आलं. रेनीटा होती. शहरातले पांढरे बूट चिखलाने भरलेले, केसांत काटे. पहाटेच निघाली होती, घरी आली तर आई नाही. ती वळणावर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. तिची नजर जाकिटावर होती. तिच्या चेहऱ्यावरून काय काय सरकलं ते लुरीनला नीट कळलं, कारण तासाभरापूर्वी तिच्या स्वतःच्या मनातून तेच गेलं होतं.

"हॉबर्टभाऊ आहेत," लुरीन हळूच म्हणाली.

रेनीटाने मान हलवली. मग पुढे होऊन दुसरी बाजू धरली.

"मला तीन ऐकू आले," ती म्हणाली.

"खाली सगळ्यांना ऐकू आले असतील. कुणी हललं नाही."

"खारीवर कुणी घड्याळ लावून बार काढत नाही, आई. बाबांनी शिकवलं होतं मला."

दोघींनी मिळून त्याला ओसरीवर आणलं. पाणी पाजलं, घोटा थंड पाण्यात बुडवला, बिस्किटं दिली. फोन केल्यावर हॉबर्टचा मुलगा धावत आला आणि बापापुढे गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडला. लाकडाच्या गिरणीतली रात्रपाळी करून घरी आला तेव्हा बाप नव्हता, आणि दोन तास तो ओढ्याच्या खालच्या बाजूला शोधत होता, चुकीच्या बाजूला. लुरीन नसती तर, असं तो म्हणत राहिला. लुरीनने सांगितलं, सोमवारपासून दिवसा त्यांना इथे सोडत जा, मी घरीच असते. मग तिने रेनीटाकडे पाहिलं. 

बाप-लेक गेल्यावर रेनीटाने विचारलं, बंदूक कुठे आहे. बापाची जागा तिला ठाऊक होती, झाडाचं नाव सांगायची गरज पडली नाही. ती एकटी वर गेली आणि बराच वेळ आली नाही. धुकं विरलं, ऊन पडलं. लुरीनला लेकीच्या गाडीच्या मागच्या सीटवर पुठ्ठ्याची खोकी दिसली, घडी घालून दोरीने बांधलेली. वीस तरी असतील. ती त्यांच्याकडे बघत पायरीवर बसली.

रेनीटा परत आली. बंदूक मोडून हातावर धरली होती, बापाने शिकवली होती तशी. ती आईशेजारी बसली.

"मी तुझ्या काळजीने न्यायला आले नव्हते," ती म्हणाली. "मला झोप लागत नाही, आई. बाबा गेल्यापासून. रोज रात्री तुला एकटीला या घरात बघते आणि उठून बसते. आज तीन वाजताच निघाले. तू माझ्या शेजारच्या खोलीत असलीस तर मी झोपेन, एवढंच होतं ते."

लुरीनने तिचा हात हातात घेतला. काट्यांनी ओरबाडलेला होता.

"मला इथे कधीच भीती वाटली नाही गं," ती म्हणाली. "ही बंदूक मी कुणासाठी घेतली असं वाटलं तुला?"

रेनीटा तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग म्हणाली, खोकी गाडीतच राहू देत. मग म्हणाली, जरा पाठ टेकते. ओसरीवरच्या झोपाळ्यावर ती चिखलाच्या बुटांसकट आडवी झाली आणि दोन मिनिटांत तिचा श्वास जड झाला. दुपार झाली, जेवायची वेळ टळली. ऑटिस शरमेने माफी मागायला फाटकापर्यंत आला, लुरीनने ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवलं. उतारावर सावल्या लांबल्या, कोंबड्या आपणहून खुराड्यात गेल्या, काजवे निघाले. रेनीटा उठली नाही, आणि लुरीनने तिला उठवलं नाही.